विश्लेषण : लष्कर छोटे, तिजोरी त्याहून छोटी… मग आधी जहाज घ्यायचे की पगार द्यायचा?

पुण्यातील औंधच्या लष्करी तळावर २०१९ आणि २०२३ च्या मार्चमध्ये आफ्रिकेतील अनेक देशांच्या सैन्यतुकड्या सरावासाठी आल्या होत्या. ‘अफिन्डेक्स’ नावाच्या या सरावात भर होता भूसुरुंग काढण्यावर आणि संयुक्त राष्ट्रांच्या शांतता मोहिमांवर. २०२३ मध्ये सरावाला जोडूनच आफ्रिकी लष्करप्रमुखांची परिषद झाली आणि भारतीय बनावटीची शस्त्रे, वाहने मांडून दाखवण्यात आली. बातम्यांमध्ये झळकली ती शस्त्रे. पाहुण्यांपैकी अनेकांपुढचा प्रश्न मात्र वेगळा होता : ही शस्त्रे आवडली तरी घ्यायची कशातून, आणि घेतली तर चालवायची कशी?

किती पैशांचा प्रश्न आहे?

पिंपरी-चिंचवड महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प नऊ हजार कोटी रुपयांच्या पुढे आहे. मॉरिशस, सेशेल्स किंवा गॅम्बिया यांपैकी कोणत्याही देशाचा वर्षभराचा संरक्षण खर्च या आकड्याच्या जवळपासही जात नाही. एका शहराच्या रस्ते-पाणी-कचऱ्यावर जेवढे खर्च होतात, त्याच्या लहानशा हिश्शात एका देशाला सैनिकांचे पगार, गणवेश, इंधन, दारूगोळा, जहाजे, विमाने सगळे बसवायचे असते. त्यात पगार आणि निवृत्तिवेतन हा सर्वात मोठा आणि टाळता न येणारा खर्च. नवीन खरेदीसाठी उरते ते फार थोडे.

म्हणून अशा देशांत ‘काय विकत घ्यावे’ या प्रश्नाच्या आधी दोन प्रश्न येतात. सैनिकाचा पगार कोणाच्या हातून होतो? आणि घेतलेली वस्तू पाच वर्षांनी चालू स्थितीत असेल का? यातल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आफ्रिकेत जाण्याआधी तळेगाव दाभाडेत थांबायला हरकत नाही.

तळेगावच्या सेनापतींचे काय झाले?

गावाच्या नावात असलेले दाभाडे हे मराठा राज्याचे सेनापती. छत्रपती शाहू महाराजांनी १७१७ मध्ये खंडेराव दाभाडे यांना सेनापतिपद दिले. त्या काळी केंद्राच्या तिजोरीत मोठी खडी फौज पोसण्याइतका पैसा नव्हता. उपाय होता सरंजामाचा : सरदाराला एखाद्या मुलखाचा महसूल लावून द्यायचा आणि त्या बदल्यात त्याने ठरलेली फौज बाळगायची. दाभाडेंच्या वाट्याला गुजरातचा मुलूख आला. कमी पैशांत मोठे सैन्य उभे करण्याची ही युक्ती स्वस्त होती आणि काही काळ कमालीची यशस्वीही ठरली.

पण यात शिपायाचा पगार छत्रपतींकडून नव्हे, सरदाराच्या हातून होत होता. निष्ठाही तिथेच जाणार. खंडेरावांनंतर सेनापती झालेले त्र्यंबकराव गुजरातच्या चौथाईच्या वादातून थेट पेशवा पहिल्या बाजीरावांच्या विरोधात उभे राहिले आणि १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत मारले गेले. एकाच राज्याचा सेनापती आणि त्याच राज्याचा पेशवा समोरासमोर लढले. पुढे पद यशवंतरावांकडे गेले, कारभार उमाबाईंनी पाहिला. दरम्यान गुजरातेत प्रत्यक्ष वसुली आणि फौज सांभाळत होते दाभाडेंचे हाताखालचे सरदार, गायकवाड. १७५१ मध्ये उमाबाईंच्या बाजूने पेशव्यांवर चालून आलेले दमाजी गायकवाड कैद झाले. सुटताना गुजरातची वाटणी झाली ती पेशवे आणि गायकवाड यांच्यात. दाभाडे बाजूलाच राहिले. सेनापतिपद तळेगावात होते, पण फौजेचा पगार बडोद्याच्या बाजूने होत होता. शेवटी जे व्हायचे तेच झाले.

गॅम्बियात लष्कर उभे राहिले, मग सत्ता गेली

पश्चिम आफ्रिकेतील गॅम्बिया हा नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेला चिंचोळा देश. १९६५ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्याकडे लष्कर नव्हते, निमलष्करी ‘फील्ड फोर्स’ तेवढे होते. १९८१ मध्ये बंड झाले आणि त्यात याच दलातील काही जण सामील होते. शेजारच्या सेनेगलने सैन्य पाठवून सरकार वाचवले. त्यानंतर देशाने रीतसर लष्कर उभे केले.

तेराच वर्षांनी, जुलै १९९४ मध्ये, याच नव्या लष्करातील याह्या जामे या तरुण लेफ्टनंटने रक्त न सांडता सत्ता ताब्यात घेतली. ती पुढे बावीस वर्षे त्याच्याकडे राहिली. असंतोषाची कारणे अगदी साधी होती. लायबेरियातील शांतता मोहिमेवरून परतलेल्या सैनिकांचे भत्ते थकले होते आणि वरच्या जागांवर नायजेरियातून आलेले अधिकारी बसले होते. रणगाडा किंवा विमान यांचा या कहाणीत काही संबंध नाही. थकलेला भत्ता आणि अडलेली बढती एवढ्यावर सरकार पडले.

छोट्या देशात लष्करावर नियंत्रण ठेवणारी दुसरी ताकद नसते. मोठ्या देशात एखादी पलटण बिथरली तर दहा पलटणी उरतात. जिथे सगळे मिळून एक-दोन बटालियन आहेत, तिथे राजधानीतील एका बराकीचा मूड हाच राज्यव्यवस्थेचा कणा ठरतो. त्यामुळे पगार दर महिन्याला ठरल्या तारखेला, शक्यतो थेट बँक खात्यात आणि कमांडरच्या हातातून न जाता पोहोचणे, ही अशा देशांची सर्वात महत्त्वाची संरक्षण खरेदी म्हणावी लागेल. कोणत्याही प्रदर्शनात ती मांडलेली दिसत नाही.

मॉरिशसने लष्करच ठेवले नाही, ते का?

मराठी वाचकाला मॉरिशस परका नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मजुरांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. हा देश १९६८ मध्ये स्वतंत्र झाला आणि त्याने आजवर नियमित लष्कर उभे केलेले नाही.

म्हणजे देश निःशस्त्र आहे असे नाही. तिथे सगळे काही एकाच पोलीस दलात आहे. १९६० मध्ये ब्रिटिश सैन्यतुकडी परत गेली तेव्हा तयार झालेले ‘स्पेशल मोबाइल फोर्स’ हे निमलष्करी दल, १९८७ मध्ये स्थापन झालेले तटरक्षक दल आणि पोलिसांची हेलिकॉप्टर तुकडी, या तिन्हींचा वरिष्ठ एकच : पोलीस आयुक्त. वेगळे लष्करी मुख्यालय, वेगळा लष्करप्रमुख, त्याचे वेगळे खातेपुस्तक असे काही नाही. स्पेशल मोबाइल फोर्समधील जवान मुळात पोलीस असतो, त्यामुळे चक्रीवादळात मदतीला तोच आणि दंगलीत बंदोबस्तालाही तोच.

यात पैसा वाचतो हे उघड आहे. सत्तापालट करण्याइतके स्वतंत्र वजन कोणत्याही एका गणवेशाला मिळत नाही, हे त्याहून मोलाचे. शेजारच्या सेशेल्समध्ये १९७६ च्या स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच बंड होऊन सरकार उलटले. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये माइक होअर या भाडोत्री सैनिकाची टोळी पर्यटकांच्या वेशात माहे विमानतळावर उतरली. सीमाशुल्क तपासणीत बंदूक सापडली, चकमक झाली आणि टोळीतील चव्वेचाळीस जणांनी पळून जाण्यासाठी सॅलिसबरीहून (आताचे हरारे) मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे विमान ताब्यात घेऊन ते डर्बनला नेले. एक देश ताब्यात घेण्यासाठी एवढीशी टोळी पुरेल, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला खरा, पण अगदीच वेडगळ होता असे म्हणता येत नाही.

अर्थात, मॉरिशसचा मार्ग प्रत्येकाला परवडणार नाही. भोवती समुद्र आहे, जमिनीवरून चालून येणारा शेजारी नाही, म्हणून तो चालला. बोट्सवानाने १९६६ पासून अकरा वर्षे असाच प्रयोग केला. पोलिसांच्या फिरत्या तुकड्यांवर सीमा सोडली होती. ऱ्होडेशियाच्या फौजा सीमा ओलांडून येऊ लागल्या तेव्हा १९७७ मध्ये संसदेत कायदा करून सैन्य उभारावे लागले. त्याचा पहिला प्रमुखही पोलीस दलातूनच आणला गेला. पुढच्याच वर्षी लेशोमा येथे ऱ्होडेशियाच्या हल्ल्यात या नवख्या सैन्याचे पंधरा जवान मारले गेले. उशिराची किंमत अशीही असते.

समुद्राचे गणित

मॉरिशसची जमीन जेमतेम दोन हजार चौरस किलोमीटर. पण त्याच्या अखत्यारीतील सागरी क्षेत्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सात पटींहून जास्त. चोरटी मासेमारी, अमली पदार्थ, भरकटलेली जहाजे, सगळे याच पाण्यात.

एक ढोबळ हिशेब मांडू. गस्ती जहाज ताशी १५ नॉट, म्हणजे साधारण २८ किलोमीटर वेगाने चालले आणि त्याच्या रडारला दोन्ही बाजूंचे मिळून ७४ किलोमीटर (४० सागरी मैल) रुंदीचे पाणी दिसले, तर दिवसरात्र न थांबता ते सुमारे ४९ हजार चौरस किलोमीटर पाहील. अख्खे क्षेत्र एकदा पाहायला सत्तेचाळीस दिवस लागतील. तेही इंधन, खलाशी आणि हवामान या तिन्हींनी साथ दिली तर. आता तेवढ्याच रुंदीचे पाणी पाहणारे डॉर्नियर विमान घ्या. ताशी ३०० किलोमीटरने पाच तास उडाले तर ते एक लाख चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र नजरेखालून घालते. जहाजाचे सव्वादोन दिवसांचे काम एका दुपारी.

विमान पाहते, पण बोटीवर चढून तपासणी करू शकत नाही. म्हणून शहाणा क्रम असा लागतो : आधी किनाऱ्यावरील रडार, मग एखाद-दुसरे गस्ती विमान, मग मध्यम आकाराची वेगवान जहाजे आणि सर्वात शेवटी एखादे मोठे जहाज. मॉरिशसकडे आज हे सगळे आहे आणि बरेचसे भारतातून गेलेले आहे. डॉर्नियर कानपूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सची. ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हॅलियंट’ ही पन्नास मीटर लांबीची गस्ती जहाजे वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधली. ती २०१६ आणि २०१७ मध्ये सेवेत आली. ‘बॅराकुडा’ हे १,३०० टनांचे मोठे जहाज कोलकात्याचे, २०१५ पासून पोर्ट लुईला आहे.

साधने असली म्हणजे भागते असे नाही, हे २०२० च्या जुलैत दिसले. तीनशे मीटर लांबीचे ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज मार्ग सोडून किनाऱ्याजवळ आले आणि प्रवाळ खडकावर अडकले. दोन आठवड्यांच्या आत त्यातून सुमारे हजार टन तेल खाजणात पसरले. एवढे मोठे जहाज किनारी रडारला दिसू शकते. दिसल्यानंतर ते कोणी, किती वेळात आणि कोणाच्या हुकमाने अडवायचे, ही बाब खरेदीच्या यादीत बसत नाही. ती रचनेची, सरावाची आणि रात्रपाळीच्या माणसाला दिलेल्या अधिकाराची आहे.

जहाज फुकट, पण डिझेल?

‘बॅराकुडा’च्या आधी मॉरिशसकडे ‘व्हिजिलंट’ होते. चिलीत बांधलेले, हेलिकॉप्टर उतरू शकेल असे भारदस्त जहाज, १९९६ मध्ये सेवेत आले. बिघाडांमागून बिघाड झाले, वर्षानुवर्षे ते धक्क्याला बांधून राहिले आणि शेवटी बाद करावे लागले. छोट्या ताफ्यातील सर्वात महागडी वस्तू जेव्हा बंद पडते, तेव्हा ताफाच बंद पडल्यासारखा होतो. नौदलांमध्ये साधा ठोकताळा आहे : एक जहाज सतत समुद्रात हवे असेल तर तीन बाळगा, एक गस्तीवर, एक तयारीत, एक दुरुस्तीत. चाकणच्या कोणत्याही कारखान्यात देखभाल विभागात काम केलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. एकच मशीन असेल आणि तिचा पार्ट परदेशातून यायचा असेल, तर लाइन उभी राहते.

उलट उदाहरण सेशेल्सचे. भारताने २००५ मध्ये त्यांना ‘तरमुगली’ हे नौदलातले वापरलेले, ४६ मीटरचे छोटे जहाज भेट दिले. तिथे त्याचे नाव ‘टोपाझ’ झाले. मार्च २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी पळवलेल्या बोटीवर कारवाई करून याच ‘टोपाझ’ने सत्तावीस ओलीस सोडवले, त्यात सहा सेशेल्सचे मच्छीमार होते आणि बाकीचे इराणी खलाशी. परतीच्या वाटेवर हल्ला करणाऱ्या चाच्यांच्या बोटीही बुडवल्या. जहाज साधे होते, कमी खलाशांत चालत होते आणि त्याच्या दुरुस्तीची सोय देणाऱ्या देशाकडे होती. म्हणून ते ऐनवेळी समुद्रात होते.

त्याच वर्गातले ‘तिल्लनचांग’ २००६ मध्ये मालदीवला ‘हुरावी’ नावाने मिळाले. तिथली सेवा संपल्यावर ते भारतात परत आले आणि डिसेंबर २०२३ मध्ये विशाखापट्टणमला ‘तरमुगली’ या नावाने पुन्हा भारतीय नौदलात दाखल झाले. दोन देश, तीन नावे, एक सांगाडा. आपल्याकडे एसटीच्या गाड्यांचे आयुष्य असेच ताणले जाते, फक्त त्याची बातमी होत नाही.

मग या मदतीची किंमत कोण देते?

मॉरिशसच्या तटरक्षक दलाचे नेतृत्व भारतीय नौदलातून प्रतिनियुक्तीवर आलेल्या अधिकाऱ्याकडे राहत आले आहे. हेलिकॉप्टर तुकडीतही भारतीय हवाई दलाचे अधिकारी असतात. अनुभवी माणूस जवळपास फुकट मिळतो आणि स्थानिक राजकारणात त्याचा पाय नसतो, हे फायदे खरे आहेत. गॅम्बियातही नायजेरियन अधिकारी याच हिशेबाने आणले होते, हे मात्र विसरता येत नाही. फरक बहुधा एवढाच की मॉरिशसमध्ये पगार थकला नाही.

जागेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताच्या पैशांतून झालेली धावपट्टी आणि जेट्टी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. हा लष्करी तळ नाही असे मॉरिशस सरकार सांगते. बेटावरील रहिवाशांच्या मनातील शंका पूर्ण गेलेली नाही. सेशेल्समध्ये अझम्प्शन बेटावरील भारताच्या सहकार्याचा प्रकल्प २०१८ मध्ये लोकांच्या विरोधामुळे अडला. जहाज भेट मिळाले तेव्हा विरोध झाला नव्हता, जमीन मागितली तेव्हा झाला. दिल्लीत याचे आश्चर्य वाटले असेल तर ते वाटायला नको होते. छोट्या देशाकडे देण्यासारखे दुसरे असतेच काय?

त्यामानाने संयुक्त राष्ट्रांचे पैसे निर्वेध. शांतता मोहिमेवरील प्रत्येक सैनिकामागे संबंधित सरकारला दरमहा सुमारे चौदाशे डॉलर मिळतात, नेलेल्या वाहनांचे वेगळे. अनेक आफ्रिकी सैन्यांचे प्रशिक्षण आणि साहित्य यातूनच सुधारले. पण मालीतील मोठी मोहीम २०२३ मध्ये गुंडाळली गेली आणि राष्ट्रसंघाकडेच पैशांची चणचण आहे. या उत्पन्नावर कायमची फौज उभी करणे म्हणजे बोनसच्या भरवशावर घराचा हप्ता ठरवणे.

तळेगाव-चाकण पट्ट्याचा यात काय संबंध?

लार्सन अँड टुब्रोच्या तळेगावातील संरक्षण प्रकल्पात पिनाकाच्या लाँचरसारख्या यंत्रणा तयार होतात. भारताची संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटी रुपयांवर गेली आणि तिला पुढे नेण्यासाठी आफ्रिकेकडे पाहिले जाते. मोरोक्कोसारखा मोठा ग्राहक असेल तर कारखानाच तिकडे नेता येतो. अहिल्यानगरच्या व्हीआरडीई आणि टाटा यांनी मिळून विकसित केलेल्या आठचाकी चिलखती वाहनासाठी टाटांनी बेरेशिद येथे प्रकल्प उभारला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो सुरू झाला. सेशेल्स किंवा गॅम्बियाला असा प्रकल्प कोणी देणार नाही. त्यांची मागणीच चार-सहा नगांची असते.

त्यांच्या गरजेची यादी वेगळी आहे. सैन्याच्या अभियंता तुकडीला रणगाड्यापेक्षा तळेगावजवळ बनणारा जेसीबी जास्त कामाला येतो : पूर, दरड, सीमेवरचा रस्ता, छावणीचा चर, सगळीकडे तोच. वाहने शक्यतो अशी हवीत की ज्यांचे फिल्टर आणि ब्रेक लायनर राजधानीतल्या साध्या गॅरेजमध्ये मिळतील. ताफ्यात तीनऐवजी एकच प्रकारचा ट्रक असेल तर मेकॅनिकचे प्रशिक्षण आणि सुट्या भागांचे गोदाम एकाचेच. आणि दरवर्षी दहा-वीस तंत्रज्ञ पुण्यात सहा महिने शिकून गेले, तर त्याचे मोल एखाद्या भेट जहाजाहून कमी नाही. पुण्याला हे नवे नाही. खडकवासल्याच्या एनडीएत आफ्रिकी देशांचे छात्र अनेक वर्षांपासून शिकतात आणि तिथली मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ तर सुदानने दिलेल्या देणगीतून उभी आहे.

अडचण कर्जाच्या रचनेत आहे. भारताने फेब्रुवारी २०२१ मध्ये मॉरिशसला संरक्षण खरेदीसाठी दहा कोटी डॉलरचे कर्जसाहाय्य जाहीर केले. अशा कर्जातून वस्तू घेणे सोपे असते, कारण वस्तूचा फोटो निघतो, सुपूर्द करण्याचा सोहळा होतो आणि निर्यातीच्या आकड्यात ती त्याच वर्षी दिसते. सुट्या भागांचा दहा वर्षांचा पुरवठा, वार्षिक देखभाल करार आणि तंत्रज्ञांचे प्रशिक्षण यांचा सोहळा होत नाही. पुढच्या प्रत्येक कर्जात ठरावीक हिस्सा याच तीन गोष्टींसाठी राखून ठेवण्याची अट भारतानेच घालायला हवी. तळेगाव-चाकणमधील सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांना त्यातून लाँचरच्या एका मोठ्या ऑर्डरइतका गाजावाजा मिळणार नाही. दरवर्षी येणारी छोटी ऑर्डर मात्र मिळेल.